बांगड्या सैल, नाडी घट्ट

भोपाळमध्ये नर्सची नोकरी केली असं सांगितलं की महाराष्ट्रातले नातेवाईक लगेच त्या एका डिसेंबरबद्दल विचारतात. त्यावर मी आजवर कुठे लिहिलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी ते सांगावं. पण त्यानंतर आमच्या शहरात ‘गॅस’ हा शब्द कोणी सहज उच्चारत नसे, आणि माझ्या टेबलासमोर मात्र दिवसातून वीस वेळा तोच शब्द ऐकू यायचा. पोटातला गॅस. मी लिहिणार आहे ते त्याच्याबद्दल.

गोविंदपुऱ्याच्या बाजूला आमच्या सरकारी कारखान्याची टाउनशिप होती. सारखी दिसणारी क्वार्टर्स, प्रत्येक सेक्टरला एक शाळा, एक बाजार आणि एक दवाखाना. मोठं हॉस्पिटल वेगळं होतं, तिथे ऑपरेशनं व्हायची. सेक्टरच्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि एक सिस्टर. ती सिस्टर म्हणजे मी, शोभा वानखडे. माहेर अमरावतीचं, प्रशिक्षण नागपूरचं, नवरा याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. तीस वर्षं मी त्या एका टेबलामागे काढली.

माझं काम काय, तर आलेल्या माणसाचं मेडिकल बुक घ्यायचं, वजन करायचं, बीपी बघायचं, काय होतंय ते विचारून एका ओळीत लिहायचं आणि त्याला आत पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आत बसलेले सक्सेना डॉक्टर सकाळच्या चार तासांत शंभरेक माणसं तपासायचे. त्यांना एका माणसामागे दोन मिनिटं मिळायची, आणि त्या दोन मिनिटांत ते आधी माझी ओळ वाचायचे. मी ‘गॅस’ लिहिलं की ते गॅसचं औषध लिहायचे. हे मला पहिली बरीच वर्षं कळलंच नव्हतं. मला वाटायचं, मी फक्त लिहून घेते.

गॅसचं औषध म्हणजे पेपरमिंटच्या वासाचं पांढरं मिक्श्चर. बायका घरून बाटली घेऊन यायच्या, कंपाउंडर मोठ्या बरणीतून भरून द्यायचा. सरबताच्या बाटल्या, तेलाच्या बाटल्या, एका सरदारजींची तर दुर्बिणीसारखी दिसणारी परदेशी बाटली होती आणि ती त्यांनी अकरा वर्षं वापरली. चव बरी असल्यामुळे काहीजण काही होत नसतानाही न्यायचे. पोट फुगणं हा आमच्याकडे आजार मानलाच जात नसे. थंडी वाजते, भूक लागते, तसं पोट फुगतं.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये पाठककाका आणि मालतीकाकू राहायचे. काका फोरमन, मूळचे पुण्याचे, बोलायला कमी. काकू मात्र भिंतीपलीकडून माझ्याशी दिवसभर बोलायच्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हिंदी धड येत नव्हतं. भाजीवाल्याशी भाव कसा करायचा, दूधवाल्याला काय सांगायचं, हे सगळं काकूंनी शिकवलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू त्यांनीच केले. सासू लांब होती, आई लांब होती. जवळच्या म्हणाल तर त्याच.

एका वर्षी त्यांच्या मुलीचं, वीणाचं लग्न ठरलं. काकू बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या असतील. उन्हाळ्याच्या सुमारास त्या पहिल्यांदा दवाखान्यात आल्या आणि पोट जड वाटतं म्हणाल्या. मी ‘गॅस’ लिहिलं. महिन्याभराने पुन्हा आल्या, मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा तर त्या आत गेल्याच नाहीत. मीच त्यांना सांगितलं की काकू, उगाच रांगेत बसू नका, मी घरी ओवा भाजून आणून देते. रात्रीचा हरभऱ्याचा पदार्थ बंद करा, जेवल्यावर शतपावली घाला. त्या ‘बरं बाई’ म्हणाल्या. भाजलेला ओवा आणि सैंधव मी बरणीत घालून दिला. ती बरणी मी पाच वेळा भरून दिली.

लग्नाच्या आठ दिवस आधी जुन्या भोपाळहून मनिहार, म्हणजे तिकडचा कासार, बांगड्या भरायला घरी आला होता. आम्ही सगळ्या बायका त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. मनिहाराने काकूंचा हात हातात घेऊन बघितला आणि सांगितलं की मागच्या खेपेला तुम्हाला दोन-सहाच्या बसल्या होत्या, आता दोन-चारच्या लागतील. काकू हसल्या. म्हणाल्या, “काय गंमत आहे बघ शोभा. बांगड्या सैल होतायत आणि परकराची नाडी पुरत नाही.”

मीही हसले. लग्नाची धावपळ आहे, हात तर सुकणारच, असं काहीतरी म्हणाले. नंतर माझाच हात पुढे केला आणि हिरव्या बांगड्या भरून घेतल्या.

काकूंचं ते वाक्य मी किती वेळा आठवलं असेल याची गणती नाही. ज्यांना या कामातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. गॅसने फुगलेलं पोट सकाळी उतरतं आणि संध्याकाळी चढतं. कधी असतं, कधी नसतं. आणि माणूस जाडा होतो तेव्हा तो सगळीकडून जाडा होतो, हात, गाल, मान, सगळंच भरतं. पण हात वाळतायत आणि पोट वाढतंय, दोन घासांत पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, आणि हे आठवडेच्या आठवडे उतरतच नाही, तर आत काहीतरी वेगळं वाढत असू शकतं. अंडाशयाची गाठ तशीच वाढते. ती दुखत नाही. रक्त जात नाही. तिची म्हणून काही खूणच नसते, असतं ते हे एवढंच, पोट फुगणं. आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. हे मी नागपूरला पुस्तकात शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

लग्नानंतर पंधरा दिवसांत काकूंना दम लागायला लागला. काका त्यांना थेट मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. पोटात पाणी झालं होतं. त्यांना मुंबईला पाठवलं, तिथे उघडून बघितलं आणि सगळीकडे पसरलंय म्हणून बरंचसं तसंच ठेवून पुन्हा शिवलं. औषधं दिली, केस गेले. नऊ महिने त्या राहिल्या, त्यातले शेवटचे तीन आमच्या शेजारी, घरीच.

मी रोज ड्यूटी संपली की त्यांच्याकडे जायचे. पाठ पुसायची, अंथरूण बदलायचं, पायांना तेल लावायचं. या कामात माझा हात चांगला होता. मी मनात रोज ठरवायचे की आज त्यांना सांगायचं, माझं चुकलं. आणि रोज पाठ पुसून परत यायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी आपणच विषय काढला. डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, “तुझ्या ओव्यानं खरंच बरं वाटायचं गं. अजून आहे का थोडा?”

मी घरी येऊन ओवा भाजला. भाजताना रडले. नेऊन दिला तेव्हा त्यांनी चार दाणे जिभेवर ठेवले आणि बाकीची पुडी उशीखाली ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

त्यानंतर मी न्यू मार्केटला गेले आणि शिंप्याकडे असते तशी कापडी टेप विकत आणली. ती टेबलाच्या खणात ठेवली. चाळिशीच्या पुढची कोणतीही बाई पोट फुगतं म्हणून आली की तिला पडद्यामागे न्यायचं, बेंबीवरून टेप लावायची आणि आकडा तिच्या मेडिकल बुकच्या समासात तारखेसह लिहायचा. मग चार गोष्टी विचारायच्या. किती दिवस झाले? सकाळी उतरतं का? जेवण कमी झालंय का? बांगड्या सैल झाल्यात का? दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं. आकडा वाढला असेल आणि वजन घटलं असेल, तर मी त्या ओळीत ‘गॅस’ लिहीत नसे. मी लिहायचे, ‘पोटाचा घेर वाढतोय, कृपया हाताने तपासावे.’

सक्सेना डॉक्टर चांगले होते, पण दमलेले. पहिल्यांदा ते वैतागले. सिस्टर, दवाखाना आहे की दर्जीचं दुकान, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी टेप लावत राहिले. कंपाउंडरने तर बायकांना सांगायला सुरुवात केली की आधी माप देऊन या, मग शिलाई होईल. मला लागायचं. पण थोडं बरंही वाटायचं, कारण बायका हसत हसत का होईना पडद्यामागे यायला लागल्या. आणि पडद्यामागे आल्या की बोलायच्या. पडद्याबाहेर ज्या ‘गॅस’ म्हणायच्या, त्या आत आल्यावर खरं काय ते सांगायच्या.

बहुतेकींना खरोखर गॅसच असायचा, हेही सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्या बायका उद्या सकाळी घाबरून टेप घेऊन बसतील. शंभरात नव्याण्णव जणींना बद्धकोष्ठ, अपचन, नाहीतर घरातली चिंता. एका पंजाबी बाईंचा घेर दर खेपेला वाढत होता. वय चव्वेचाळीस, मोठ्या मुलाचं लग्न झालेलं. मी घाबरून त्यांना तातडीने मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. संध्याकाळी त्यांचा नवरा हातात लाडूंचा डबा आणि चेहऱ्यावर अतोनात संकोच घेऊन माझ्या दारात उभा. बाईंना पाचवा महिना होता. त्या मुलीचं नाव त्यांनी माझ्यावरून शोभा ठेवलं. पंजाबी घरात ते नाव फारसं चाललं नसावं, नंतर सगळे तिला डॉली म्हणायचे.

अशी पाचेक वर्षं गेली. टेपमुळे तोपर्यंत दोघींच्या गाठी लवकर सापडल्या होत्या आणि दोन्ही साध्या निघाल्या होत्या. मला वाटायला लागलं होतं की मी माझ्या मनाच्या समाधानासाठी हे सगळं करते आहे. तेव्हा आगाशे बाईंचं प्रकरण झालं.

आगाशे बाई टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवायच्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, अविवाहित, एकट्या राहणाऱ्या. शिस्तीच्या इतक्या की मुलंच काय, पालकही त्यांच्यासमोर उभे राहताना शर्टाची बटणं तपासायचे. माझ्या थोरल्या मुलाला त्यांनी सातवीत दोन मार्कांनी नापास केलं होतं, आणि मी विचारायला गेले तेव्हा त्या दोन मार्कांचं गणित मला फळ्यावर सोडवून दाखवलं होतं.

दरवर्षी एप्रिलमध्ये मी शाळेत मुलांच्या तपासणीला जायचे. त्या वर्षी गेले तर बाई खुर्चीवर बसून शिकवत होत्या. त्या कधी बसून शिकवत नसत. भोपाळच्या एप्रिलात त्यांनी अंगाभोवती शाल गुंडाळली होती. आणि शिक्षकांच्या खोलीत मी मुलांचे कागद भरत बसले होते तेव्हा तीन-चार शिक्षिकांचं दबक्या आवाजात काय चाललं होतं, ते मला ऐकू आलं. बाईंचं पोट दिसायला लागलंय, शाल कशासाठी ते काय कळत नाही का, आणि सुट्टीत त्या नागपूरला कोणाकडे जातात. शाळेतून ते क्वार्टर्समध्ये पोचलंच होतं. नंतर कळलं, मुख्याध्यापकांकडे एक निनावी चिठ्ठीही गेली होती.

माझं लक्ष बाईंच्या मनगटाकडे गेलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला होता आणि तरी घड्याळ हातावर फिरत होतं.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी तब्येत विचारली. त्या म्हणाल्या, गॅस आहे, बाजारातून औषध आणलंय, काळजीचं कारण नाही. मी म्हटलं, मला पाणी द्याल का. पाणी मागणाऱ्याला दारातून परत पाठवता येत नाही, एवढं मला माहीत होतं. त्या आत गेल्या, मी मागोमाग जाऊन खुर्चीवर बसले.

टेबलावर ताट होतं. अर्धी पोळी तोडलेली, भाजी तशीच. मी विचारलं, जेवण झालं का. झालं, म्हणाल्या. शेवटी मी दवाखान्यात येण्याबद्दल बोलले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. मी तुझ्या त्या बाकावर येऊन बसले की ते खरं ठरेल.”

“आणि आला नाहीत तर?” मी विचारलं.

मग मी त्यांना मालतीकाकूंबद्दल सांगितलं. काकू कशा गेल्या हे टाउनशिपला माहीत होतं. मी काय ऐकलं होतं आणि ऐकून हसले होते, हे कोणालाच माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. ते मी त्या दुपारी पहिल्यांदा बोलले, तेही अशा बाईंसमोर, ज्यांच्याशी माझी फारशी ओळखही नव्हती. बाई उठल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी पुढच्या दाराला कडी घातली, शाल काढून घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि म्हणाल्या, “बघ.”

टेप लावायची गरजच नव्हती. पोट ताठ, एका बाजूला जास्त पुढे आलेलं. हात लावल्यावर मला कळलं की हा गॅस नाही आणि पाणीही नाही. त्यांनी छताकडे बघत विचारलं, किती दिवसांचं असेल. मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही, पण ज्या सांगू शकतील त्यांच्याकडे उद्याच जाऊ.

मोठ्या हॉस्पिटलात डॉ. थॉमस म्हणून बायकांच्या डॉक्टर होत्या. मी सकाळी लवकर फोन करून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ओपीडी सुरू व्हायच्या आधी, मागच्या दाराने यायला सांगितलं, म्हणजे बाकावर बसायला नको. मी रजा टाकली. आम्ही दोघी मिनीबसने गेलो. दोघींचं तिकीट बाईंनी काढलं. सोनोग्राफीसाठी त्यांना तांब्याभर पाणी प्यायला लावलं, आणि आधीच इतक्या भरलेल्या पोटात ते पाणी त्यांनी कसं मावून घेतलं असेल, देव जाणे. खोलीत अंधार होता. मी टेबलाशेजारी उभी होते. त्यांनी चाचपडत माझं एक बोट धरलं. हात धरला नाही, फक्त करंगळीच्या बाजूचं बोट धरलं आणि मशीन बंद होईपर्यंत सोडलं नाही.

डाव्या अंडाशयाची गाठ होती, मोठी. आठ दिवसांत ऑपरेशन झालं. नागपूरहून त्यांची बहीण आली, पण ती स्वतःच इतकी घाबरलेली की बाईच तिला धीर द्यायच्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी मला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, परत आले नाही तर मुख्याध्यापकांना दे, सगळ्या तपासून झाल्यात. मी तो घेतला. तुम्ही परत याल, असं काही मी म्हटलं नाही. पाच वर्षांपूर्वी म्हटलं असतं.

गाठ सव्वाचार किलोची निघाली. तपासणीचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी रोज त्यांच्याकडे जाऊन केस विंचरून द्यायचे, कारण टाके ताणायचे आणि हात वर होत नसत. त्यांचे केस इतके लांब आणि मऊ असतील असं कोणाला वाटलं नसतं. आयुष्यभर त्या घट्ट अंबाडा घालून राहिल्या होत्या. एकदा विंचरताना त्या म्हणाल्या, माझे केस आईने शेवटचे विंचरले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. एवढंच. त्या दिवशी मी जरा जास्त वेळ विंचरत बसले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर होता. पण तो गाठीच्या आतच होता, वरचं कवच फुटलेलं नव्हतं आणि बाहेर कुठे काही सापडलं नव्हतं. डॉ. थॉमसनी समजावून सांगितलं की जे होतं ते सगळं निघालं आहे, आता ठरावीक महिन्यांनी येऊन तपासून घ्यायचं. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, त्याची घडी केली आणि तो पर्समध्ये ठेवला.

जुलैत शाळा सुरू झाली त्या दिवशी त्या पेढ्यांचा खोका घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेल्या. हे मला तिथल्याच दोन शिक्षिकांनी सांगितलं. सगळ्यांसमोर खोका उघडून त्या नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “सवा चार किलो का था. कैंसर था, निकाल दिया. लीजिए, मुँह मीठा कीजिए.” आणि प्रत्येकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, तिने पेढा उचलून तोंडात घालेपर्यंत. मग तास होता म्हणून वर्गात गेल्या. ज्यांनी मला हे सांगितलं त्या दोघी पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे माप द्यायला आल्या होत्या, म्हणून तर मला कळलं.

गोष्ट पसरली. पुढच्या पाडव्याच्या मेळाव्यात इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठरवला. मला नको होतं, पण बाईंनी ‘ये’ म्हणून सांगितलं आणि त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मंडळाचे अध्यक्ष त्या वर्षी पाठककाका होते. निवृत्त झाले होते, एकटेच राहायचे, वीणा बडोद्याला. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि हात जोडले. त्यांच्याकडे बघून मला समोरची माणसं दिसेनाशी झाली. भाषण कर म्हणाले तर मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, सिस्टर साधी आहे, लाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाल घेऊन काकांकडे गेले. ते खिडकीशी बसून पेपर वाचत होते. मी शाल टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं. मनिहार काय म्हणाला, काकू काय म्हणाल्या, मी काय म्हणाले. पाच बरण्या ओवा. सगळं सांगितलं. मी शिकलेली नर्स होते, मला कळायला हवं होतं, असं म्हणाले.

काकांनी पेपरची घडी केली. बराच वेळ ते तो गुडघ्यावर सारखा करत राहिले. मग म्हणाले, “दोन घासांत पोट भरायचं तिचं. अन्न टाकायचं नाही म्हणून तिच्या ताटातलं मी संपवायचो. रोज. त्या सहा महिन्यांत माझं वजन चार किलोनं वाढलं, शोभा. कारखान्याच्या तपासणीत डॉक्टरांनी मला विचारलंसुद्धा, पाठक, जेवण वाढलं का. मी हो म्हणालो.”

ते उठले, चहा ठेवला. काकू गेल्यापासून ते चहा स्वतः करायचे आणि तो फार कडक व्हायचा. आम्ही तो दोघांनी पूर्ण प्यायला. निघताना त्यांनी शाल उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही राहू दे तुझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. मला वाटलं, बीपी बघायला आले असतील. पण ते मेडिकल बुक न आणता पुरुषांच्या बाकावर जाऊन बसले. तिथे नेहमी दहा-बाराजण असायचे, कोणी खोकल्याचे, कोणी बोटाला पट्टी बांधायला आलेले. काका कधी कोणाशी आपणहून बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, घरी सगळं ठीक? मिसेस जेवतात का नीट? तो माणूस गोंधळला. काकांनी मग त्याला स्वतःचं सांगितलं. ताटाचं आणि वजनाचं. मोडक्यातोडक्या हिंदीत, न थांबता, आवाज न चढवता. ऐकता ऐकता शेजारचे दोघे-तिघे सरकून जवळ आले.

पुढे काही वर्षं दर मंगळवारी ते येऊन बसायचे. सक्सेना डॉक्टर आधी विचारायचे, हे कोण, पेशंट की काय. नंतर तेच त्यांच्यासाठी आतून चहा पाठवायला लागले. बायकांना माप द्यायला या म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत होते. पण त्या घरातून निघतच नसत, कारण घरात त्यांच्या पोटाबद्दल कोणी विचारलेलंच नसे. ते विचारायला काकांनी पुरुषांना शिकवलं. माझ्या टेपपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला, असं आता मला वाटतं.

आगाशे बाई आज नागपुरात आहेत, ऐंशी ओलांडल्यात, आणि भाच्याच्या नातवाला गणितात अजून नापास करतात. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. पण त्या पहिल्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. काका बोलत होते तेव्हा बाकाच्या टोकाला क्रेन चालवणारा एक माणूस बसला होता, बोटाची पट्टी बदलून घ्यायला आलेला. मी त्याचं नाव दोनदा पुकारलं. त्याने ऐकलं नाही. काकांचं बोलणं संपलं तसा तो उठला, माझ्या टेबलाशी आला आणि पट्टी नंतर करू म्हणाला. त्याने विचारलं, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा आहे. मी म्हटलं, बारापर्यंत. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, बाहेर जाऊन सायकल काढली आणि घरच्या दिशेने जोरात मारत निघाला.